माझे पेपर लिहिणाऱ्या ताईंना

ताई,

सप्रेम नमस्कार.

या पत्रात तुमचं नाव नाही, ती तुमचीच अट. पत्र उघड लिहायला मात्र तुम्ही हो म्हणालात. 'वाचून दोन-चार नोकरी करणारी माणसं पेपर लिहायला तयार झाली तर बघ' एवढाच तुमचा हिशोब. म्हणून आधी त्या माणसांसाठी थोडं सांगतो.

अंध विद्यार्थ्याची लेखी परीक्षा लेखनिकाच्या हातून होते. आम्ही मुलं त्याला 'रायटर' म्हणतो. तो प्रश्न वाचतो, आम्ही उत्तर सांगतो, तो लिहितो. तासाला किमान वीस मिनिटं जादा मिळतात, म्हणजे तीन तासांचा पेपर चार तास चालतो. जाणं-येणं आणि केंद्रावरचे अर्ज-सह्या धरल्या की नोकरदाराची अख्खी रजा संपते. आणि पेपर काही एकच नसतो. मार्च उजाडला की आमच्या वसतिगृहात 'अभ्यास झाला का' हा प्रश्न मागे पडायचा आणि 'रायटर मिळाला का' हा पुढे यायचा. अभ्यास आपल्या हातात असतो. रायटर दुसऱ्याच्या घरच्या लग्नावर, तापावर, बॉसच्या मर्जीवर अवलंबून.

तुम्ही पहिल्याच भेटीत विचारलंत, "पेपर कधी आहेत?" मी एप्रिल म्हटल्यावर तुम्ही जरा थांबलात. का थांबलात, ते आता बँकेत नोकरी करताना कळतं. एप्रिलचे पहिले दोन-तीन आठवडे म्हणजे शाखांच्या ऑडिटचा हंगाम. सी.ए. मंडळी तेव्हा आमच्या शाखेत ठाण मांडून बसतात, रात्री शिपाई दिवे मालवायला आला तरी उठत नाहीत. तुम्हीही सी.ए., एका फर्ममध्ये पगारावर होता. पेपरच्या दिवशी सुट्टी मागायची म्हणजे बाकीच्या दिवशी दुप्पट फायली घ्यायच्या, हा सौदा तुम्ही साहेबांशी केलात. बी.ए.ची तिन्ही वर्षं तो पाळलात. तुमच्यानंतर लागलेल्यांची नावं भागीदारीसाठी आधी पुढे आली, हे तुम्ही एकदा गाडी चालवता चालवता बोलून गेलात. ते एप्रिलमुळे झालं का, हे मी विचारलं नाही आणि तुम्हीही सांगितलं नाहीत.

मला ज्याबद्दल सगळ्यात जास्त आभार मानायचेत ते ऐकून तुम्ही हसाल. तुम्ही वेळेवर 'नाही' म्हणायचात.

मदत करणाऱ्यांची आम्हाला कधीच वाण नव्हती. मनाने चांगली, हळवी माणसं. 'बघते हं', 'जमवू काहीतरी', 'तू काळजीच करू नकोस'. मग पेपरच्या आदल्या रात्री फोन लागत नाही. तुमचं तसं नव्हतं. "एकवीस तारखेचा पेपर मला जमणार नाही. आज सात तारीख आहे. पंधरापर्यंत दुसरं कोणी शोध, नाही मिळालं तर सोळाला सकाळी मला सांग, मी ऑफिसात कुणाला तरी तयार करते." एवढं बोलून फोन ठेवायचात. त्या क्षणी जरा तुटक वाटायचं, पण चौदा दिवस हातात राहायचे. तुमचं 'हो' इतकं पक्कं का होतं, ते मला या 'नाही'मुळेच कळलं. नोकरी, घर आणि वर आमच्यासारख्यांची कामं असं तिन्ही धरून चालणाऱ्या माणसाला लोक कौतुकाने आणखी कामं देत जातात. तुम्ही ती घेत नव्हता.

सत्काराचंही तसंच. एका संस्थेने महिला दिनाला तुम्हाला शाल-श्रीफळ द्यायचं ठरवलं. "आठ मार्च? पंधराला ॲडव्हान्स टॅक्सची तारीख आहे, मला मरायला वेळ नाही," असं सांगून तुम्ही गेला नाहीत. संस्थावाले दुखावले. मला मात्र फार बरं वाटलं.

परीक्षेच्या खोलीतल्या तुमच्याबद्दल लिहायला हवं, कारण रायटरचं काम बाहेरून दिसतं तितकं साधं नाही. पहिल्या पेपरआधी तुम्ही बजावलंत, "तू चूक सांगितलीस तर मी चूकच लिहीन. दया आली तरी लिहीन." चांगल्या मनाच्या माणसाला हे सगळ्यात जड जातं. शेजारचं पोर चुकीचं साल सांगतंय, आपल्याला बरोबर ठाऊक आहे, आणि पेन चुकीचंच साल लिहितंय! कित्येक रायटर नकळत सुधारतात, कुणी वाक्य सजवतं. मग निकाल कुणाचा, हे पोराला आयुष्यभर कळत नाही. तुम्ही स्वल्पविरामसुद्धा विचारून टाकलात. प्रश्नपत्रिका आधी पूर्ण वाचायची, मग गुणांसकट पुन्हा, आणि माझा प्रश्न ठरला की त्याचा क्रमांक मोठ्याने म्हणून लिहायला सुरुवात करायची. दर पानाला 'पान भरलं' म्हणायचं, म्हणजे उत्तर किती लांबलं याचा मला अंदाज येई. हे नियम तुम्ही स्वतः बसवलेत. ऑडिटरचीच शिस्त ती, आपल्या मनाचं काही घालायचं नाही. पदवीच्या गुणपत्रिकेवरचा प्रत्येक गुण माझा आहे, हे मी आज छातीठोक सांगतो ते तुमच्या त्या कडकपणामुळे.

केंद्रावरचा किस्साही राहायला नको. कारकुनाने तुमचं ओळखपत्र पाहिलं आणि म्हणाला, "सी.ए. चालणार नाही, खालच्या वर्गातला विद्यार्थी आणा." तुम्ही पर्समधून केंद्र सरकारच्या फेब्रुवारी 2013च्या मार्गदर्शक सूचनांची प्रत काढलीत. लेखनिकाचं शिक्षण, वय, गुण यांवर अट घालू नये, असं त्यात होतं. तुम्ही भांडला नाहीत. तो परिच्छेद पेन्सिलीने खूण करून त्याच्यासमोर ठेवलात आणि म्हणालात, "नकारच असेल तर लेखी द्या." परिपत्रकाला परिपत्रकाच्या भाषेत बोलणारं माणूस बरोबर असण्याचा फायदा मी तेव्हा पाहिला. खोली मिळाली.

पुढे नियम बदलला. ऑगस्ट 2018च्या सूचनांनुसार, विद्यार्थ्याने स्वतः आणलेला रायटर त्याच्यापेक्षा शिक्षणात एक पायरी खाली हवा, असं ठरलं. गैरप्रकार रोखायला हे केलं असेल, पण त्यामुळे तुमच्यासारखी अनुभवी माणसं एका फटक्यात बाद झाली. दुसरं कोणी असतं तर सुटलो म्हणून गप्प बसलं असतं. तुम्ही ऑफिसातल्या आर्टिकलशिपच्या, म्हणजे सी.ए. व्हायला उमेदवारी करणाऱ्या, मुलांना तयार केलंत. माझ्या बँकेच्या परीक्षेला त्यातलाच एक होता, बी.कॉम. व्हायचा राहिलेला. आलेखावरचे आकडे तो इतक्या सुबक क्रमाने वाचायचा की तुमचीच तालीम ऐकू यायची.

आणि तुम्ही स्वतः पुस्तकं वाचायला घेतलीत. अंधांसाठी पुस्तकाची ध्वनिप्रत करायला 2012च्या कॉपीराइट दुरुस्तीने मोकळीक दिली आहे. पण कायद्याने मोकळीक दिली तरी वाचायला गळा कुणाचा तरी लागतोच. तुमचं घर भरलेलं, म्हणून तुम्ही सोसायटीच्या पार्किंगमध्ये गाडीच्या काचा वर करून बसायचात. तिथेही जमलं नाही त्या दिवशी स्वयंपाकघरातच. भारतीय राज्यव्यवस्थेच्या पुस्तकात पंचायत राजच्या प्रकरणात, 73व्या घटनादुरुस्तीच्या मधोमध, कुकरची शिट्टी आहे आणि पाठोपाठ तुमचा आवाज, "आई, गॅस बारीक करता का?" ती फाइल मी अजून कुणाला साफ करू दिलेली नाही.

म्हणून हे आभार एकट्या तुमचे नाहीत. रविवारी सकाळी मी सिंहगड रोडला तुमच्याकडे यायचो तेव्हा घरातल्या सगळ्यांचाच रविवार मोडायचा. सरांना शनिवारची रात्रपाळी असायची, तरी लेकीला चित्रकलेच्या वर्गाला तेच सोडायचे. आजींचे गुडघे दुखायचे, पण चहा त्याच करायच्या. कप हातात देताना "कान उजवीकडे आहे रे" असं सांगायच्या. हे त्यांना कुणी शिकवलं नव्हतं. लेक चौथीत होती, माझ्या पुस्तकातले नकाशे ती बोटाने माझ्या तळहातावर काढायची आणि विदर्भ नेहमी मनगटावर जायचा. लोक तुम्हाला विचारतात, एकटीने सगळं कसं जमवता? एकटीने कुठे? त्या घरात प्रत्येकाने आपला थोडा थोडा वेळ माझ्यासाठी बाजूला काढला होता. काही वेळा कुरकुरतसुद्धा, मला ऐकू यायचं. त्या कुरकुरीबद्दलही तक्रार नाही. आता माझं लेकरू दोन वर्षांचं आहे, बायकोची नोकरी आहे, आणि रविवार म्हणजे काय चीज असते ते मला चांगलं कळलंय.

सध्याचं सांगायचं तर कर्ज विभागात आहे. संगणकावर एन.व्ही.डी.ए. हा पडद्यावरचं मोठ्याने वाचून दाखवणारा मोफत स्क्रीन रीडर वापरतो, हे पत्रही त्यावरच टाइप केलं. वसतिगृहातल्या मुलांसाठी रायटरची यादी मी ठेवतो. रोज रात्री जेवणानंतर फोन घेतो, त्याआधी नाही, हे मुलांना सांगून टाकलंय. यादीत नाव घालताना प्रत्येकाला एकच गोष्ट विचारतो, कोणत्या तारखा तुम्हाला अजिबात जमणार नाहीत?

मागच्या महिन्यात तुमच्या लेकीचा फोन आला होता. तुम्हाला सांगितलंय की नाही माहीत नाही. बारावी झाली, आता मीही रायटर होते म्हणाली, आणि ऑक्टोबरच्या परीक्षांसाठी नाव घाल. घातलंय. तिच्या स्वतःच्या सत्र परीक्षेच्या तारखा मात्र तिने अजून कळवलेल्या नाहीत, तेवढ्या पाठवायला सांगा. अक्षर तुमच्यासारखं सुटं आहे का, तेही बघून ठेवा.

31 जुलैची तुमची रिटर्न भरायची धावपळ संपली की आम्ही तिघं घरी येऊ. आजींना सांगा, चहा मी करीन.

तुमच्या अक्षरात बी.ए. झालेला,
तुमचा विद्यार्थी