पाण्याविना कान्हेरी

महोदय,

कालच्या पुरवणीतला मुंबईतल्या कान्हेरीच्या बौद्ध लेण्यांच्या ‘गाइडेड टूर’वरचा लेख वाचला. लेखिकेला सफर ‘अविस्मरणीय’ वाटली म्हणे. मलाही ती विसरता येत नाही, कारणं मात्र वेगळी आहेत. ही सफर घडवणाऱ्या याच मंडळींबरोबर मी गेल्या हिवाळ्यात जाऊन आलो. त्यांचं नाव लेखात ठळक टाइपात आलंच आहे, आणखी फुकट जाहिरात मी कशाला करू?

पहिल्या तीन लेण्यांतच अर्धी सकाळ गेली. तिसऱ्या लेण्यात, म्हणजे चैत्यगृहात (भिक्खूंच्या प्रार्थनेच्या दालनात), सगळ्यांना टाळ्या वाजवायला लावून आवाज कसा घुमतो ते दाखवलं. मग व्हरांड्यातल्या बुद्धाच्या भव्य मूर्तीपुढे ग्रुप फोटो, मग सेल्फी. त्याच व्हरांड्यात सातवाहन राजा यज्ञश्री सातकर्णीच्या काळचा शिलालेख आहे, त्याला पाठ टेकून एक जण वेफर्स खात होता. गाइडसाहेब तेव्हा इथून थेट कल्याणला निघणाऱ्या भुयाराची गोष्ट रंगवून सांगत होते.

माझी सगळी नोकरी पाणीपुरवठ्यात गेली. त्यामुळे नळ, टाकी, उतार दिसला की नजर तिकडेच जाते. वरच्या अंगाला चढताना एका विहाराच्या, म्हणजे भिक्खूंच्या राहण्याच्या लेण्याच्या, माथ्यावर कातळात कोरलेली बोटभर खोलीची पन्हळ दिसली. ती तिरकी उतरत दाराशेजारच्या पोढीच्या, म्हणजे कातळात खोदलेल्या पाण्याच्या टाकीच्या, तोंडाशी येत होती. वरून लहानसं चौकोनी तोंड, आत वाकून पाहिलं तर काळोखात पाणी चमकत होतं. मी विचारलं, ‘‘ही खाच कशासाठी?’’ गाइड म्हणाले, ‘‘डिझाइन आहे काका, चला पुढे.’’

डिझाइन! अहो, कान्हेरीचा सगळा संसारच त्या खाचेवर चालत होता. शंभराहून अधिक लेणी, शेकडो वर्षांची वस्ती, आणि डोंगर असा की पावसाळ्यात ओढा दुथडी आणि पावसाळा सरला की खडक तापलेला. डोंगरमाथ्यावर पडलेलं पाणी वाया जाऊ न देता पन्हळींनी वळवून, बहुतेक प्रत्येक विहाराशेजारच्या पोढीत साठवायचं, अशी ती व्यवस्था. दान देणाऱ्यांनाही तिचं मोल कळत होतं. ‘लेणं आणि पोढी’ दिल्याचे लेख तिथे कोरलेले आहेत, कल्याणच्या दात्यांचेसुद्धा. म्हणजे कल्याणहून कान्हेरीत आलं ते दान. भुयार नव्हे.

आमच्यातल्या एका शाळकरी मुलाने नेमका प्रश्न केला की भिक्खू उन्हाळ्यात काय प्यायचे? उत्तर मिळालं, ‘‘नदी होती ना!’’ मी तोंड उघडणार तोच बायकोने कोपर मारलं. याच डोंगररांगेत इंग्रजांनी विहार तलाव बांधला आणि १८६० साली मुंबईला नळाचं पाणी दिलं. १८७९ मध्ये तुळशी तलाव झाला. त्याच्या कितीतरी आधी भिक्खूंनी याच पावसाचा हिशेब मांडला होता, एवढं एक वाक्य सांगायला कुणाची हरकत होती? पोराने ते शाळेत जाऊन सांगितलं असतं. आता सांगेल भुयाराचं.

आमच्याबरोबर दादरचं एक वयस्क पारशी जोडपं होतं, हौशी आणि शांत. नव्वदाव्या लेण्यात १००९ आणि १०२१ साली येऊन गेलेल्या पारशी पाहुण्यांनी पहलवी या जुन्या इराणी लिपीत कोरलेल्या नोंदी आहेत. त्या दोघांना तिथे नेलं नाही, की असं काही आहे हे सांगितलंही नाही. ‘वर काही खास नाही’ म्हणून सगळ्यांना खाली हाकललं, कारण परतीची बस. तिकिटाच्या रांगेजवळ काकड्या विकणाऱ्या बाईंनी मला वाटेवरच्या तीन पोढ्या हात करून दाखवल्या. कोणत्या पोढीत केव्हापर्यंत पाणी टिकतं तेही सांगितलं, आणि पैसे घेतले फक्त काकडीचे.

गाइड नकोतच, असं माझं म्हणणं नाही. पोटापाण्यासाठी फिरतात बिचारे, आणि लोकांनाही भुयारच हवं असतं. पण तुमच्यासारख्या दैनिकाने निदान त्यांच्या पत्रकातला मजकूर जसाच्या तसा लेख म्हणून छापू नये. लेखात ‘पाणी’ हा शब्द एकदाच आला आहे: ‘सोबत पाण्याची बाटली ठेवावी.’ शिवाय ‘चैत्यगृह’ म्हणून जो फोटो छापलाय, त्यात लांबलचक दगडी ओटे स्पष्ट दिसतात. ते अकरावं लेणं आहे, ज्याला दरबार हॉल म्हणतात. चैत्यगृहात स्तूप असतो, ओटे नसतात.

दुरुस्ती छापाल ही अपेक्षा. छापायला बसलाच आहात तर गेल्या रविवारच्या शब्दकोड्याचं उत्तरही छापा, आठ आडवं आमच्या घरात अजून भांडणाचा विषय आहे.

आपला,
एक जुना वाचक, दहिसर (पूर्व)