जुनं बाराशे की नवं?

वेंगुर्ले,
नारळी पौर्णिमेचा दुसरा दिवस

प्रिय बाबल्या,

पत्र मिळालं. निवृत्तीनंतर कायमचा आचऱ्याला राहायला येतोयस हे वाचून बरं वाटलं, आणि घराची कौलं परतायच्या आधी रेकॉर्डी वाजवायचं टर्नटेबल कुठलं घेऊ असं विचारतोयस ते वाचून त्याहून बरं वाटलं. वहिनी यावर काय म्हणाल्या ते लिहिलं नाहीस, पण मला इथपर्यंत ऐकू आलं.

तू लिहितोस, "जुन्या डायरेक्ट-ड्राइव्हची बांधणी आता कुठे मिळते, असं सगळे म्हणतात. खरं काय ते सांग." मोटर रेकॉर्डखालचं तबक थेट फिरवते ती ही यंत्रं. अर्धं खरं आहे. नुसतं धातू आणि रबर तोलायचं असेल तर जुनं भारी, वाद नाही. पण आचऱ्याचं तुझं घर समुद्रापासून हाकेच्या अंतरावर. तिथे यंत्राचा सांगाडा कधी मरत नाही. मरतात त्या जोडण्या, वायरी, स्विच, सुई धरणाऱ्या दांडीची, म्हणजे आर्मची बेअरिंगं. तेव्हा बांधणी बघायची ती तिथे.

हे मी हवेत बोलत नाही. दादाने बोटीवर असताना जपानहून आणलेलं टेक्निक्सचं एसएल-१२०० एमके-टू तुला माहीत आहेच. भाच्याने पुण्याला जागा बदलायला घेतली म्हणून त्याचं नवंकोरं एमके-सेव्हन मे महिन्यापासून माझ्याकडे पडून आहे. त्यामुळे दोघं शेजारी शेजारी ठेवून, एकच कार्ट्रिज (सुई बसते तो भाग) आलटून पालटून लावून ऐकायची चैन झाली.

नारळ घेताना वाजवून बघतो तशी दोघांच्याही अंगावर टिचकी मारली. जुन्यातून नुसता 'ठप'. नव्यातून जरा मोकळा 'टक'. कारण सरळ आहे. जुन्यात वर ओतीव ॲल्युमिनियम आणि खाली जाडजूड रबराचा तळ. सगळं मिळून १२.५ किलो. नव्यात वरचं ॲल्युमिनियम तसंच ओतीव आहे, पण तळाला काचतंतू घातलेलं प्लास्टिक. वजन ९.६ किलो. फोटोत दोघं जुळे भाऊ दिसतात. उचलल्यावर कळतं.

जुन्याचं तबक एकदा उचलून बघ, त्याला त्यासाठी दोन भोकं ठेवलेली आहेत. उलटं केलंस की मधोमध चुंबकाची जाड कडी दिसते, आणि खाली यंत्रात नुसती तांब्याची वेटोळी. मोटर कुठे आहे म्हणून शोधत बसू नकोस. तबक हाच मोटरचा फिरता भाग. ना पट्टा, ना रबरी चाक. मिनिटाला हजार-दीड हजार फेरे घेणाऱ्या मोटरचा वेग पट्ट्याने नाही तर चाकाने उतरवायचा, मग पट्टा सैल होणार, चाक झिजणार, मोटरची घरघर सुईपर्यंत पोचणार. हा सगळा व्याप टाळून मोटरच मिनिटाला ३३⅓ फेऱ्यांनी फिरवायची, ही कल्पना मॅट्सुशिटा या टेक्निक्सच्या मूळ कंपनीतल्या शुइची ओबाता यांनी तडीस नेली. त्यांचं एसपी-१० हे असलं पहिलं टर्नटेबल आलं १९७० च्या सुमारास, पहिलं १२०० आलं १९७२ मध्ये आणि दादाच्या जातीचं एमके-टू १९७९ मध्ये. त्यात क्वार्ट्झचा स्फटिक वेग धरून ठेवतो. म्हणून आपल्याकडची वीज कितीही नाचली तरी गाण्याची पट्टी हलत नाही. मात्र दादाचं यंत्र जपानी बाजाराचं, १०० व्होल्टचं. ते थेट आपल्या सॉकेटात गेलं तर संपलं. त्याच्यासोबत तो जड ट्रान्सफॉर्मर जन्मभर सांभाळायचा.

झिजण्यासारखं त्यात मधल्या स्पिंडलचं बेअरिंग तेवढं. त्यालाही कंपनीने सांगितलंय ते २००० तासांनी दोन-तीन थेंब तेल. रोज दोन तास ऐकलंस तरी पावणेतीन वर्षं झाली की नाही! या भागाला नाव ठेवायला जागा नाही. नव्यालाही नाही, हे मुद्दाम सांगतो. नव्याच्या मोटरमध्ये लोखंडी गाभाच काढून टाकलाय, त्यामुळे फिरताना बसणारे बारीक हिसके कमी होतात असं म्हणतात. माझ्या कानांना दोघांत फरक कळला नाही. भाचा म्हणतो कळतो. त्याचे कान तरुण आहेत, शिवाय पैसे त्याचे गेलेत.

आता खाऱ्या हवेचं बघ. जुन्या १२०० ची सिग्नलची वायर यंत्राच्या पोटातच डाख देऊन कायमची जोडलेली असते. इकडे दोन-चार पावसाळे गेले की प्लगवर हिरवा थर चढतो, वरच्या वेष्टणाखाली तांबं काळं पडत जातं, आणि एक दिवस डाव्या बाजूचा तबला गायब होतो. मग यंत्र उलटं करा, ढीगभर स्क्रू काढा, रबराचा तो अवजड तळ सोडवा आणि डाखकाम करा. नव्यात मागे सॉकेट आहेत. वायर खराब झाली, उपसली, दुसरी लावली. विजेची वायरही तशीच सुटी. या एका सोयीपुढे मी ते तीन किलो वजन सोडायला तयार आहे. 

वेग कमीजास्त करायची सरकपट्टीही अशीच. जुन्यात तिच्या खालच्या कार्बनच्या पट्टीवर धूळ आणि दमट हवा बसते, शून्याजवळ वेग अडखळतो. आतले कपॅसिटर चाळीस-चाळीस वर्षांचे, ते सुकणारच. पण इथे जुन्याची एक बाजू आहे. आपल्या बाजारातला टीव्ही दुरुस्त करणारा माणूस त्याचे कपॅसिटर तासाभरात बदलून देतो. नव्याचं बोर्ड त्याला दाखवलं तर त्याने चष्मा वर केला आणि चहा मागवला. त्या राईएवढ्या भागांना हात लावायची त्याची तयारी नाही. म्हणजे नवं बिघडायचं कमी, पण बिघडलं तर खोक्यात भरून मुंबई.

जुनं घ्यायचंच ठरवलंस तर चकाकी बघू नकोस, आर्म बघ. मागचं वजन फिरवून आर्म हवेत तरंगेल असा तोल साध, अँटिस्केट (आर्मला आत ओढलं जाऊ न देणारा ताण) शून्यावर ठेव आणि नुसती फुंकर घाल. तो संथपणे सरकत गेला पाहिजे, कुठेही अडता कामा नये. त्या बेअरिंगचा अडथळा ७ मिलिग्रॅमच्या आत असावा असं कंपनीनेच लिहून ठेवलंय, तेव्हा फुंकर पुरते. मग पुढचं टोक दोन बोटांत धरून अगदी हळू खालीवर हलव. जरा जरी कटकट जाणवली तर पैसे खिशातच ठेव आणि नमस्कार करून बाहेर पड. चोरबाजारात डीजेंनी दामटलेली १२०० येतात. बाहेरून पॉलिश, आत आर्म खिळखिळा. तबक आणि मोटर मात्र अशा यंत्रांतही ठणठणीत असतात, आणि तिथेच माणूस फसतो.

आणि 'जुनं ते सोनं' म्हणणाऱ्यांचं फार मनावर घेऊ नकोस. त्या काळातही प्लास्टिकची, हलकी डायरेक्ट-ड्राइव्ह ढिगाने निघाली. आर्म आपोआप उचलून परत नेणारी बरीच यंत्रं तर आतलं ग्रीस गोठून मध्येच अडकून बसतात. ती भंगारात गेली म्हणून दिसत नाहीत. उरली ती चांगली, आणि त्यांच्यावरून आपण सगळ्या जमान्याला प्रमाणपत्र देतो.

खरोखर जुन्याच्या वरचं नवं पाहिजे असेल तर ते आहे. १२०० चं उत्पादन २०१० मध्ये थांबलं आणि २०१६ मध्ये परत सुरू झालं ते 'जी' या मॉडेलने. त्याचं तबक पितळ, ॲल्युमिनियम आणि रबर अशा तीन थरांचं, एकूण यंत्र १८ किलोचं. बांधणीत दादाचं एमके-टू त्याच्यापुढे उभं राहत नाही, हे दादाच्या फोटोकडे न बघता लिहितो. किंमत एमके-सेव्हनच्या तिपटीच्या वर. तुझ्या फंडाच्या पैशातून हे घेतलंस तर वहिनींना तोंड दाखवायला मी येणार नाही. उलट टोकाला १२०० सारखीच दिसणारी स्वस्त यंत्रं मिळतात. तसलं एक इथे ओळखीत आलं होतं. फिरणाऱ्या तबकाची कड डोळ्यांच्या रेषेत धरून पाहिली तर ती खालीवर होत होती. तेवढं बघून मी झाकण लावलं.

तुझ्या आजोबांच्या पेटीतल्या लाखेच्या रेकॉर्डी अजून आहेत ना? बालगंधर्व, दीनानाथ, सगळा ७८ फेऱ्यांचा माल. मग निकाल इथेच लागतो. जुन्या एमके-टूला ३३ आणि ४५ एवढंच येतं. नव्यात दोन्ही बटणं एकदम दाबली की ७८. त्यातली आणखी एक गंमत म्हणजे ७८ लिहिलेली जुनी तबकडी नेमकी ७८ वरच ध्वनिमुद्रित झालेली असते असं नाही. गाणारा अर्धी-पाऊण पट्टी वर किंवा खाली ऐकू येतो. नव्याचा वेग ८ टक्के वरखाली करता येतो, म्हणजे एका पट्टीहून थोडा जास्तच. मी घरची बाजाची पेटी शेजारी घेऊन बसतो, रेकॉर्डमधली पेटी आणि आपली पेटी जुळेपर्यंत सरकपट्टी हलवतो. दोन्ही पेट्या मिळाल्या की गळा एकदम माणसाचा होतो रे, चिरका राहत नाही. परवा यात दुपारचं जेवण चारला झालं.

यंत्र कुठलंही घे, ठेवायची जागा आधी कर. तुझ्याकडे माळ्याची जमीन फळ्यांची आहे. तिथे ठेवलंस तर पोरं धावली की सुई उडालीच. खालच्या खोलीत बाहेरच्या भिंतीतून दोन चिरे पुढे काढून त्यावर कडाप्पा टाकून घे. मी तेच केलंय. गवंडी विचारत होता, "देवघर बांधतास काय?" हो म्हणून टाकलं, काम नीट झालं. या फळीवर नव्याचा तो हलका 'टक'सुद्धा बराच दबतो, म्हणजे जे वजन यंत्रात नाही ते भिंतीतून घेतलं. अर्थिंगही बघून घे. आपल्या कातळात मार्च-एप्रिलला खड्डा कोरडा पडतो आणि स्पीकरमधून घुमायला लागतं. त्यात अधूनमधून बादलीभर पाणी ओतायचं. रेकॉर्डींच्या कपाटात पावसाळाभर पिवळा बल्ब जळता ठेव, नाहीतर कव्हरांवर बुरशी धरते.

तर माझं मत: एमके-सेव्हन घे. स्टॅबिलायझर लाव, मागच्या वायरी दर दोन वर्षांनी बदल, कार्ट्रिजच्या बुडाचे संपर्क पेन्सिलीच्या खोडरबरने घासत जा. दादाचं एमके-टू मी विकणार नाही, तू विचारशील म्हणून आधीच सांगतो.

चतुर्थीला येताना ७८ साठी वेगळी सुई तेवढी घेऊन ये, इथे मिळत नाही. एलपीची सुई टोकाला १८ मायक्रॉनच्या आसपास असते, ७८ च्या खोबणीला ७५ च्या आसपासची लागते. दुकानात '३ मिल' म्हणून माग, आणि भाच्याच्या कार्ट्रिजला बसणारीच घे, नाव वेगळ्या कागदावर लिहून सोबत घातलंय. गाडीत सामान फार झालं तर मोदकपात्र मुंबईलाच राहू दे. आमच्याकडे दोन आहेत.

तुझा,
भाई