लोड टाकून बघा: बडोद्याच्या रावपुऱ्यातल्या, मोटरचं वाइंडिंग करणाऱ्या काकांना

आदरणीय काका,
सा. न.

शाल-श्रीफळ म्हटलं की तुम्ही हात जोडता, मजुरी विचारली की हसता, आणि आभार मानायला लागलं की मिक्सरचं आर्मेचर (मोटरचा फिरणारा भाग) हातात घेऊन पाठ फिरवता. म्हणून हे पत्र चारचौघांत लिहिते आहे. सूनबाई मोबाइलवर वाचून दाखवतीलच.

ज्यांना हा प्रकार ठाऊक नाही त्यांच्यासाठी थोडक्यात: आमच्या नववीच्या मुलांनी आंतरशालेय शर्यतीसाठी उन्हावर पळणारी छोटी गाडी बनवली. नियम अमेरिकेतल्या शाळांमधल्या ‘ज्युनियर सोलर स्प्रिंट’वरून घेतलेले. २० मीटरचा सरळ ट्रॅक. गाडी ६० सेंटिमीटरहून लांब आणि ३० सेंटिमीटरहून रुंद नको. बॅटरी चालणार नाही, रिमोट नाही; ट्रॅकवर ताणलेल्या दोरीच्या आधारानं तिनं आपली आपण पळायचं. सौर पॅनल सगळ्यांना एकसारखं, ३ व्होल्टचं.

मुलं तुमच्याकडे आली ती मोटर ‘जोरदार’ करून घ्यायला. मीटर लावला की पॅनल तीन व्होल्टच्या वर दाखवायचं, आणि गाडी मात्र जागची हलायची नाही. मग दोष मोटरचाच, असा त्यांचा सरळ हिशेब. तुम्ही मोटर उघडलीसुद्धा नाहीत. ‘रिकाम्या पॅनलचं व्होल्टेज काय बघता? लोड टाकून बघा,’ एवढंच म्हणालात. मोटर जोडली, चाक बोटानं धरून ठेवलं आणि तुमचा तो जुना काट्याचा मल्टिमीटर लावला, तर काटा जवळजवळ शून्यावर. चाक हळूहळू सोडत गेलात तसा काटा वर चढला. पाचही मुलं एकदम गप्प झाली, आणि ही पाच जणं गप्प होणं काय असतं ते त्यांच्या वर्गशिक्षकांना विचारा.

अडलेल्या मोटरला बॅटरी भरमसाट करंट पाजते. पॅनलचं तसं नसतं. त्याचा करंट उन्हानं ठरवून दिलेला, त्यापुढे ते जात नाही. करंट बांधलेला म्हणून सुटतानाचा मोटरचा जोरही बांधलेला, आणि तो चाकापाशी वाढवून हवा असेल तर गिअरकडेच जावं लागतं. शिवाय पॅनल सर्वांत जास्त पॉवर देतं ते मोकळ्या व्होल्टेजला (काहीच जोडलेलं नसताना दिसतं त्याला) नाही आणि मोटर अडलेली असतानाही नाही. मोकळ्या व्होल्टेजच्या पाऊण ते ऐंशी टक्क्यांच्या आसपास कुठेतरी देतं. गाडीला त्या जागेजवळ पळत ठेवायचं. हे सगळं फळ्यावर आलेख काढून मला शिकवता आलं असतं. पण बोटाखाली अडलेलं चाक आणि समोर पडलेला काटा माझ्या खडूला कुठून आणायचा?

मग तुम्ही बिस्किटांच्या डब्यातली दातेरी चाकं टेबलावर ओतलीत. जुन्या टेपरेकॉर्डरमधली, खेळण्यांतली, कसली कसली. मोटरला बारीक पिनियन, म्हणजे लहानसं दातेरी चाक, आणि आसाला मोठं चाक. मोठ्या चाकानं गाडी झटकन सुटायची पण पुढे वेग धरायची नाही. लहान चाकानं पळायची झकास, पण सुटायलाच तयार नसायची. मुलांनी शेवटी कोणतं बसवलं ते इथे लिहीत नाही. पुढच्या वर्षीच्या स्पर्धकांच्या हातात आयतं कशाला द्या?

मला सर्वांत आवडला तो तुमचा अंगठा. मुलींनी हौसेनं गाडीवर कागदी झेंडा लावला होता. तुम्ही काही न बोलता पॅनलच्या एका कोपऱ्यातल्या पट्टीवर अंगठा ठेवलात आणि मोटर थांबली. अशी प्रत्येक पट्टी म्हणजे सिलिकॉनचा एक सेल; तो जेमतेम अर्धा व्होल्ट देतो, म्हणून ते एकामागे एक जोडतात. त्यातल्या एकावर सावली आली की सगळ्यांचा करंट अडतो. झेंडा त्याच संध्याकाळी उतरला. थोडी रडारड झाली, ती तुम्हाला सांगितली नव्हती.

ऑक्टोबरच्या उन्हात सराव चालायचा तेव्हा ‘सुटेपर्यंत गाडी सावलीत ठेवा’ असं तुम्ही बजावलंत. मुलांना ते उलटंच वाटलं. ऊन हवंय आणि सावलीत? पण पॅनल तापलं की व्होल्टेज उतरतं. दर अंशाला पॉवर साधारण ०.४ टक्क्यानं घटते. आपल्या बडोद्याजवळ नर्मदेच्या कालव्यावर १० मेगावॉटचा सौर प्रकल्प २०१५ पासून उभा आहे. तिथे खालच्या पाण्यामुळे पॅनल थोडी थंड राहतात हे मी सांगितलं, तेव्हा कुठे त्यांना पटलं.

आणि तुमचा तो प्रश्न: ‘ट्रॅक कुठून कुठे आहे?’ तोवर कोणाच्या डोक्यातही आलं नव्हतं. शर्यत उत्तरायणानंतरच्या आठवड्यात. तेव्हा इथे भर दुपारीही सूर्य दक्षिणेला कललेला, क्षितिजापासून पन्नास अंशांच्याही खाली. आडव्या पॅनलला उन्हाचा पाऊण हिस्साही मिळत नाही. तुम्ही पत्र्याची बिजागरी करून दिलीत, म्हणजे ट्रॅक कसाही असो, पॅनल सूर्याकडे वळवता येईल. बहुतेक गाड्यांची पॅनलं टपावर सपाट चिकटवलेली होती.

तुम्ही वायरींना सोल्डरचा डाग देत होतात तेव्हा तुम्हाला एक गोष्ट सांगितली होती. १९५५ मध्ये शिकागोत जनरल मोटर्सच्या विल्यम कॉब यांनी दाखवलेली ‘सनमोबाइल’ ही सौर मोटार जेमतेम १५ इंचांची होती, सेलेनियमचे १२ सेल लावलेली. तुम्ही मान वर न करता म्हणालात, ‘म्हणजे मोठ्या गाड्यांनी खेळण्याची नक्कल केली.’ बडोद्याच्या कलाभवनात, म्हणजे हातकामाच्या तंत्रशाळेत, शिकलेल्या आजोबांचा नातू दुसरं काय बोलणार! सयाजीरावांनी १८९० मध्ये ते काढलं तेव्हा हातानं काम करणाऱ्याला विद्यार्थी मानलं होतं, हे आमच्या वेळापत्रकात कोणी तरी लिहून ठेवायला हवं.

निकाल तुम्हाला कळलाच आहे. उपांत्य फेरीत आपली गाडी हरली, आणि जिंकलेली गाडी खरोखरच हलकी होती. मुलांनी तिथल्या तिथे जिंकलेल्या मुलांना गाठून चाकं कशाची केली ते विचारून घेतलं. पालकांपैकी एकदोघांचे चेहरे पडले होते, मुलांचे नाही.

येत्या शनिवारी मुलं तुमचा मल्टिमीटर परत करायला येतील. आठवीतल्या दोघी सोबत असतील. त्यांना अजून पुस्तकातल्या मोटरशिवाय मोटर माहीत नाही. अंगठ्याचा प्रयोग त्यांनाही दाखवा. आणि कृपा करून कोणासाठीही चहा मागवू नका, ही मुलं पॅनलवर सांडतात.

आपली,
नववीची विज्ञानाची बाई