भरती पाहून फेरीची वेळ ठरवा : वनमंत्र्यांना खुले पत्र

माननीय वनमंत्री महोदय,

सविनय नमस्कार.

किनारी अभयारण्यातील पायी गटफेऱ्यांच्या वेळा भरती-ओहोटी पाहून ठरवल्या जातील, असे आश्वासन आपण गेल्या वर्षी जाहीरपणे दिले होते. त्यावर विसंबून मी गेल्या आठवड्यात अशा फेरीला गेले आणि आज घोट्याला प्लास्टर घालून हे पत्र लिहीत आहे.

फेरी नेहमीप्रमाणे सकाळी 9 वाजता सुटली. दोन भरतींमध्ये सुमारे 12 तास 25 मिनिटांचे अंतर असते, त्यामुळे भरतीची वेळ रोज साधारण 50 मिनिटांनी पुढे सरकते. आपल्या खात्याची वेळ मात्र वर्षभर तीच राहते. त्यातून अमावास्या नुकतीच झालेली, म्हणजे उधाणाचे दिवस. भरतीचे पाणी सहा तास एकसारख्या वेगाने चढत नाही, तिसऱ्या आणि चौथ्या तासातच जवळपास निम्मे आत येते. नेमक्या त्या वेळी आमचा चाळीस जणांचा गट एकाच मार्गदर्शकासह कड्याखालच्या वाटेवर होता. परतीची वाट बुडाली, शेवाळलेल्या कातळावर माझा पाय सटकला, आणि पाणी ओसरेपर्यंत मी त्या दुखऱ्या पायानिशी खडकाला टेकून बसून राहिले. रात्री कूस बदलली तरी कळ मस्तकात जाते. ज्या वृद्ध आईला मी हाताला धरून चालवत होते, तीच आज मला पाणी आणून देते. संबंधित कार्यालयाने मात्र एका ओळीत कळवले की, सहभागी व्यक्ती स्वतःच्या जबाबदारीवर येतात. पाण्याची वेळ लपवून ठेवायची आणि जबाबदारी आमच्यावर टाकायची, हा कोणता न्याय?

इजा मला एकटीलाच झाली असे नाही. पाणी चढू लागल्यावर आम्ही वरच्या ज्या कोरड्या पट्ट्यावर धावलो, तीच जागा चिखलाटीवर चरणाऱ्या पाणपक्ष्यांना भरतीच्या काळात विसाव्यासाठी उरते. आम्हाला पाहून सगळा थवा उडाला. अशाच पक्ष्यांपैकी पट्टेरी शेपटीच्या एका पाणटिवळ्याने 2022 साली अलास्कापासून टास्मानियापर्यंत सुमारे 13,560 किलोमीटर अंतर न थांबता कापले. अशा प्रवासासाठी अंगात साठवलेली चरबी आपण त्यांना नाहक उडवून खर्च करायला लावतो, आणि त्या जागेच्या वेशीवर ‘संरक्षित क्षेत्र’ अशी पाटी लावतो.

हे टाळणे अवघड नाही. दक्षिण आफ्रिकेत त्सित्सिकामाच्या किनाऱ्यावरील ऑटर ट्रेल ही पदभ्रमणाची वाट 1968 पासून चालू आहे. तेथे दिवसाला फक्त 12 जणांना प्रवेश मिळतो आणि ब्लाऊक्रान्स नदी ओहोटीची वेळ साधून ओलांडावी लागते. भरतीचे भाकीत करणारी यंत्रे तर 1870 च्या दशकातच तयार झाली होती. म्हणजे ज्ञान दीडशे वर्षे हाताशी आहे, तक्ते छापून मिळतात, तरी वेळापत्रक करणाऱ्या माणसाला ते उघडून पाहावेसे वाटत नाही, कारण नऊला कार्यालय उघडते आणि किती माणसे आली एवढेच वर विचारले जाते. ती सुखरूप परतली का, पक्षी पुन्हा खाली उतरले का, हे कोणत्याही अहवालाच्या रकान्यात नसते. राखीव क्षेत्र घोषित करण्याचा समारंभ होतो, पण ते राखण्यासाठी माणसे नेमली जात नाहीत. तक्रार केली की एक टेबल दुसऱ्या टेबलाकडे बोट दाखवते, आणि आपल्यासारखे मंत्री नवे आश्वासन देतात. नागरिकाने पाय मोडून घेतल्याशिवाय या व्यवस्थेला समुद्र दिसणारच नाही का?

प्रत्येक फेरीची वेळ त्या दिवसाच्या ओहोटीप्रमाणे ठरवावी, ती नोंदणीच्या वेळीच भरतीच्या वेळेसह छापून द्यावी, गट लहान करावा आणि उधाणाच्या दिवसांत कड्याखालची वाट बंद ठेवावी. हा आदेश निघेपर्यंत त्या वाटेवरील सर्व फेऱ्या आपण आजच थांबवाव्यात; पुढच्या पौर्णिमेला तेथे पुन्हा उधाण येणार आहे.

आपली,
त्या फेरीतील एक जखमी नागरिक