आई, डब्यांची बॅग नको

ती. आई-बाबांना सा. न.

आई, तुझी यादी वाचली. दशम्या, मेतकूट, भाजणी, चिवडा, वर खाकऱ्यांची पाकिटं. चार दिवस उत्तर थायलंडमधल्या मे हाँग सोनला राहायचं तर एक अख्खी बॅग खाण्याची? तू इथे उपाशी राहणार नाहीस. फक्त आपलं घरचं गणित उलटं करायचं. पोटभर खायचं ते सकाळी, रात्री थोडक्यात आटपायचं. मांस-मासे न खाणाऱ्याला या गावात सकाळी भरपूर मिळतं, रात्री मात्र प्रत्येक पदार्थाची चौकशी करत बसावं लागतं.

सकाळचं ठिकाण एकच, साय युत बाजार. ‘वाट हुआ व्यांग’ नावाच्या देवळाला लागूनच तो आहे. सहा-साडेसहाला निघू. हवेत धुकं असतं, शाल बरोबर घे. भाजीवाल्यांच्या रांगेतून आत गेलं की एका बाईपुढे मोठं पातेलं दिसेल. त्यात वाटाण्याचं पीठ शिजवून केलेलं पिवळं, दाट काहीतरी रटरटत असतं. बाबा, तुम्ही बघताक्षणी म्हणाल, हे तर बिनफोडणीचं पिठलं! ती वाडग्यात आधी तांदळाच्या शेवया घालते, वर हे दोन डाव ओतते, मग लसणाचं तेल, दाण्याचं कूट, कोथिंबीर, तिखट आणि शेवटी गुळाचा पाक. पाक नको असेल तर आधीच सांगायचं, कारण तिचा हात फार भराभर चालतो. मला पाकासकटच आवडतं. याला थुआ फू उन म्हणतात. हेच मिश्रण थापून गार केलं की वड्या पडतात. त्या तळून चिंचेच्या आंबटगोड पाण्याबरोबर देतात. आई, तुझा नाश्ता रोज हाच. मात्र काही जणी वरून डुकराचं मांस घालतात, म्हणून ‘माय साय मू’, म्हणजे ‘डुकराचं मांस घालू नका’, एवढं पाठ कर.

हे सगळं ताई याई, म्हणजे शान लोकांचं खाणं. म्यानमारची सरहद्द इथून जवळ, त्यामुळे आपण पुण्यात ‘थाई’ म्हणून जे नारळाच्या दुधातलं खातो ते इथे कमीच. हळद, तीळ, शेंगदाणे, चिंच, टोमॅटो असा मामला. बाजारात गोल, पातळ, तपकिरी चकत्यांच्या चळती दिसतील. ते आंबवलेलं सोयाबीन, त्याला ‘थुआ नाव’ म्हणतात. वास उग्र आहे, आधीच सांगून ठेवते. पण त्यात मासा नाही, आणि आमटी-भाजीला चव या सोयाबीननेच येते. बाबांसाठी गेंग हांग ले: डुकराचं मांस, भरपूर आलं, चिंच, मुरवलेला लसूण, शेंगदाणे आणि चक्क मसाल्याची पूड. ब्रह्मदेशातून इकडे आलेला हा रस्सा आहे. दुपारी खा, भाताबरोबर.

आता कटकटीचा भाग. ‘मांस नको’ म्हटलं की मांस जातं, पण नाम प्ला, म्हणजे माशांचं खारवलेलं पाणी, राहतं. त्यांच्या लेखी ते मिठासारखंच. म्हणून पिवळ्या पाटीवर लाल अक्षरात ‘जे’ लिहिलेलं दुकान शोधायचं. जे म्हणजे मांस, मासे, अंडं, दूध तर नाहीच, कांदा-लसूणसुद्धा नाही. चातुर्मास पाळणाऱ्या मावशीला हे सांग, खूश होईल. वर्षातून एकदा नऊ दिवस इथले बरेच लोक असं खातात, आणि बहुतेक वर्षी ते आपल्या नवरात्रातच येतं.

संध्याकाळी नोंग चोंग खाम तळ्याकाठी जाऊ. थंडीत तिथे खाण्याच्या गाड्या लागतात. भजी दिसली तर लगेच हात घालू नकोस आई. कांद्याच्या किंवा कच्च्या पपईच्या त्या खांग पोंगच्या वाटणात कधीकधी कोळंबीचं वाटण असतं, विचारून घेऊ. त्यापेक्षा गोडाकडे वळ. सुआय थमिन नावाचा पदार्थ शोध. चिकट तांदूळ आणि उसाचा गूळ एकत्र शिजवायचे, वर नारळाच्या घट्ट दुधाचा थर द्यायचा आणि वरून आच देऊन तो खरपूस करायचा. शेजारी बहुतेक आलावा असतो, तांदळाच्या पिठाचा, तसाच वरून भाजलेला. मला पहिला जास्त आवडतो. तळ्याकाठच्या, परदेशी पाहुण्यांसाठी पास्ता-पिझ्झा ठेवणाऱ्या हॉटेलांत मात्र आपण जायचं नाही. एवढ्या लांब येऊन ते कशाला?

बाबा, चहाचं काय करायचं हा खरा प्रश्न तुमचा आहे. ‘चा रोन’ मागितला की गरम चहा मिळतो, पण केशरी रंगाचा, आटवलेल्या गोड दुधाचा. साखर जपत असाल तर एकच घोट. त्यापेक्षा एक दिवस गाडी करून बान राक थाईला जाऊ. सरहद्दीला चिकटलेलं हे गाव युनानमधून आलेल्या चिनी सैनिकांच्या कुटुंबांनी वसवलं. पूर्वी या डोंगरांत अफू पिके, आता उतारावर चहाचे मळे आहेत. दुकानात बसवून छोट्या छोट्या कपांत ऊलाँग पाजतात, चाखायचे पैसे घेत नाहीत. दूध मागू नका, दुकानदार गोंधळेल. तिथे वाफवलेले मांतोव, म्हणजे मैद्याचे पांढरे पाव, आईला चालतील. बरोबर जे मांसाचं ताट येतं ते तुमचं.

डोंगराळ भागात कॉफीही पिकते. अफूच्या जागी दुसरी पिकं लावायच्या राजाच्या प्रकल्पातून, १९६९ नंतर, ती इकडे वाढली. गावातल्या छोट्या दुकानांतसुद्धा ती चांगली मिळते.

रस्ता वळणावळणांचा आहे. या भागातल्या फेरीच्या रस्त्यावर १८६४ वळणं आहेत असं फलकच सांगतात. तेव्हा चियांग माईहून निघताना बाबांनी पोटभर खायचं नाही आणि उलटीची गोळी अर्धा तास आधी घ्यायची. फेब्रुवारी ते एप्रिल इथे शेतं आणि जंगलं जळतात, धुराने डोळे चुरचुरतात. म्हणून डिसेंबरचीच तिकिटं काढा, पुढे ढकलू नका.

आणि आई, बॅगेत जागा उरलीच तर शेंगदाण्याची चटणी तेवढी आण. ती इथे कुठेच मिळत नाही.

तुमची,
मनू