थांबणे म्हणजे भित्रेपणा नव्हे

महोदय,

कुठेही ओलीस प्रसंग घडला की पहिल्या तासाभरातच ‘पोलीस आत का शिरत नाहीत?’ असा ओरडा सुरू होतो. या दबावाखाली उरकलेली कारवाई ओलिसांच्याच जिवावर बेतते, म्हणून हे पत्र.

१९७२ च्या म्युनिक ऑलिम्पिकमध्ये ओलीस धरलेल्या इस्रायली खेळाडू-प्रशिक्षकांच्या सुटकेचा शेवटचा प्रयत्न विमानतळावर झाला, तेव्हा आठ हल्लेखोरांसमोर केवळ पाच नेमबाज होते. त्यांना या कामाचे खास प्रशिक्षण नव्हते आणि आपसांत बोलण्यासाठी रेडिओही नव्हते. तिथे नेलेले नऊही ओलीस मारले गेले. त्यानंतर पश्चिम जर्मनीने ‘जीएसजी ९’ हे खास पथक उभारले आणि न्यूयॉर्क पोलिसांनी वाटाघाटींसाठी स्वतंत्र अधिकारी तयार केले. माझ्या मते यातले दुसरे पाऊल अधिक दूरदृष्टीचे होते.

वाटाघाट करणारा अधिकारी अंतिम निर्णय घेणारा नसतो, हे मुद्दाम ठरवलेले असते. ‘वरिष्ठांना विचारून सांगतो’ असे म्हणत त्याला वेळ मिळवता येतो, ओलीस धरणाऱ्याचा संताप ओसरू देता येतो आणि जेवणाच्या बदल्यात एखादा आजारी ओलीस सोडवून घेता येतो. सुटून आलेला तो माणूस आतली माहिती देतो. तोवर धडक पथक इमारतीचे नकाशे तपासते, कोणते दार कोणत्या बाजूला उघडते हे पाहून ठेवते आणि अचानक शिरावे लागले तर काय करायचे याची योजना सज्ज ठेवते. बाहेरून रिकामा दिसणारा वेळ असा कामाने भरलेला असतो.

हे सारे किती सहज विस्कटते, हे २०१० साली मनिलात पर्यटकांची बस ओलीस धरली गेली तेव्हा दिसले. बंदूकधाऱ्याने बसमधल्या टीव्हीवर स्वतःच्या भावाला पोलीस पकडून नेताना थेट पाहिले, तो भडकला आणि अखेर आठ ओलिसांचा जीव गेला. सुटकेची कारवाई चालू असताना थेट प्रक्षेपण बंदच असले पाहिजे.

अर्थात थांबण्यालाही मर्यादा आहे. सिडनीतील कॅफेत २०१४ साली बंदूकधाऱ्याने पहिली गोळी झाडल्यानंतर पोलीस सुमारे दहा मिनिटांनी आत शिरले. हा विलंब फार होता, असा निष्कर्ष पुढे न्यायिक चौकशीत निघाला. म्हणून पोलिसांना जाब विचारायचाच असेल, तर ते किती तास थांबले यापेक्षा पहिली गोळी सुटल्यावर किती मिनिटांत आत गेले, हे विचारावे.

– एक वाचक