खोडरबरावर कोरलेलं पान

प्रिय नंदू,

तुझं पत्र पोचलं. माझ्या पाकिटाच्या कोपऱ्यातलं ते निळं पान छापील आहे की हाताने काढलंय हे कळेना, म्हणून तू ते नखाने खरवडून पाहिलंस, हे वाचून फार हसलो. अरे, तो ठसा आहे, आणि ठसा कशाचा, तर खोडरबराचा. शाळेत कंपासपेटीत असायचं ना, तेच पांढरं. फोनवर दोन मिनिटांत सांगून मोकळा झालो असतो, पण तूच ‘सविस्तर लिही’ म्हणालास. आता वाच.

आधी माझी फजिती सांगतो. पहिल्या दिवशी मी तुझ्याच नावाचा ठसा करायला बसलो. खोडरबरावर बॉलपेनने सरळ ‘नंदू’ लिहिलं, तासभर मान मोडून कोरलं, शाई लावली, दाबलं. कागदावर जे उमटलं ते आरशासमोर धरल्याशिवाय वाचता येईना. ठसा उलटा कोरायचा असतो हे मला माहीत नव्हतं असं नाही, पण लिहायला बसलं की हात आपल्या सवयीने सरळच लिहितो. नंतर रागारागाने सगळी बाराखडी उलटी काढून पाहिली, तेव्हा कळलं की एकटा ‘ठ’ कसाही कोरला तरी जवळजवळ तसाच उमटतो. तुझं नाव ठमाजी असतं तर निदान पहिलं अक्षर तरी वाचलं असतं.

यावरचा उपाय अगदी सोपा निघाला. ट्रेसिंग पेपरवर नाहीतर कुठल्याही पातळ कागदावर मऊ पेन्सिलीने, ४बी किंवा ६बी असेल तर उत्तम, हवं ते सरळ काढायचं. मग तो कागद खोडरबरावर पालथा घालायचा, एका हाताने गच्च धरायचा आणि पाठीमागून चमच्याच्या पाठीने घासायचं. पेन्सिलीची रेघ रबरावर उतरते आणि आपोआप उलटी होऊनच उतरते, डोक्याला ताप नाही. रबराने पेन्सिलीची रेघ पुसता येते हे जोसेफ प्रीस्टलीने १७७० साली नोंदवून ठेवलं, त्याआधी लोक त्या कामाला पावाचा मऊ गर वापरत. मला गंमत याची वाटते, की जिचं कामच रेघ पुसणं, ती वस्तू इथे रेघ इमानाने धरून ठेवते.

आता कोरणं. बारीक टोकाचा कटर घे, आणि पातं नवं घे. बोथट पात्याला जोर लावावा लागतो, ते सटकतं आणि बोटात जातं. माझ्या डाव्या अंगठ्यावर याची खूण आहे. रेषेच्या कडेने कापताना पातं सरळ उभं धरू नकोस आणि रेषेच्या पोटाखाली तर मुळीच जाऊ देऊ नकोस. पातं तिरकं धर, म्हणजे रेघ वर अरुंद आणि बुडाशी रुंद राहील, डोंगराच्या धारेसारखी. मी सुरुवातीला बुडाशीच कोरून ठेवत होतो. दिसायला झकास, पण चार-पाच वेळा दाबल्यावर रेघ आडवी पडायची आणि मग तिचा तुकडाच पडायचा. खोल जायचीही गरज नाही, २ मिलिमीटर पुष्कळ झाले. वळण आलं की कटर फिरवू नये, तो जागेवर ठेवून खोडरबर फिरवावं. हे एकदा हाताला कळलं की पानाची कड एका दमात निघते. बारीक ठिपक्यांसाठी मी कर्कटकाचं टोक टोचतो. पानावर तुला पांढऱ्या शिरा दिसल्या असतील, त्या मात्र लिनो, म्हणजे छापे काढायला कोरतात ती मऊ लादी, ती कोरायच्या हत्याराने काढल्यात. त्याचं पातं नाळीसारखं असतं, ढकललं की रबराची शेवयीसारखी पट्टी निघते. ती निघताना जे सुख मिळतं ते लिहून कळायचं नाही.

आपल्या अक्षरांचं एक बरं आहे. शिरोरेखा सगळ्यांना धरून ठेवते, त्यामुळे शब्द कोरला तरी अक्षरं सुटी पडत नाहीत, एकमेकांच्या आधाराने उभी राहतात. घात होतो तो अनुस्वाराचा. ते टिंब वर एकटं, कुणाचा आधार नाही, खांबासारखं उभं. माझं दोनदा उडालं.

तुला एवढी कोराकोरी नको असेल तर फोम शीट घे, मुलांच्या हस्तकलेच्या सामानात मिळते ती, २ मिलिमीटर जाडीची. आकार कात्रीने कापायचा, पुठ्ठ्याच्या तुकड्यावर नाहीतर बाटलीच्या झाकणावर चिकटवायचा, झाला ठसा. झाकण असलं की मूठही आयती मिळते. पुठ्ठा मात्र ओला झाला की फुगतो, म्हणून त्याला आधी सगळीकडून चिकटपट्टी लाव. फोमची खरी मजा वेगळीच आहे. त्यावर बॉलपेन दाबून चित्र काढलं तर रेघ आत दबून राहते आणि छापताना तेवढीच पांढरी सुटते. किंवा फोम जरा गरम करायचा, वर बेकिंगचा कागद ठेवून कोमट इस्त्री दोन क्षण टेकवायची, आणि कागद उचलून लगेच त्यावर जाळी, लेस, खडबडीत पान, काय असेल ते दाबून धरायचं. गार झाला की नक्षी फोममध्ये बसलेली असते. इस्त्री थेट लावलीस तर फोम तिला चिकटेल आणि घरात तुझं काय होईल ते मी सांगायला नको.

दोरा गुंडाळलेला ठोकळाही चालतो, झकास तिरप्या रेघा येतात. बटाट्याचा ठसा लहानपणी सगळ्यांनीच केलाय. पण तो दुसऱ्या दिवशी सुकून सुरकुततो, म्हणून मी त्याला ठसा म्हणत नाही, खेळ म्हणतो.

शाईचं म्हणशील तर ऑफिसातल्या शिक्क्याचा पॅड सगळ्यात सोयीचा. रंग हवे असतील तर झाकणात स्पंजचा तुकडा बसवून त्यावर ॲक्रिलिक रंग पसरायचा. पण तो वाळतो फार लवकर, आणि ठशाच्या खाचांत वाळला तर निघता निघत नाही, तेव्हा काम संपलं की लगेच ओल्या फडक्याने पुसायचं. ठसा पॅडवर दाबायचा नाही, नुसतं टेकवत जायचं. दाबला की खाचांत शाई जाते आणि सगळं बरबटतं. मला सगळ्यात आवडती युक्ती म्हणजे साध्या स्केचपेनने ठसाच रंगवायचा, देठ तपकिरी, पान हिरवं, टोकाला थोडं पिवळं, आणि छापण्याआधी त्याच्यावर तोंडाने ‘हाऽ’ करून वाफ सोडायची, चष्मा पुसताना करतो तशी. वाळलेला रंग पुन्हा ओलसर होतो आणि तिन्ही रंग एका दाबात उतरतात.

छापताना कागदाखाली वर्तमानपत्राच्या चार-पाच घड्या घाल, नाहीतर मधला भाग उमटतच नाही. ठसा सरळ खाली, सरळ वर. डुलवलास की कडा दोनदा येतात. पहिल्या छापात भोवती कुठेतरी नको त्या बारीक रेघा दिसतील, ती न कोरलेली उंच जागा असते. मी पूर्वी त्या सगळ्या कापून साफ करायचो, आता राहू देतो. त्या असल्या की हाताचं काम वाटतं.

आणखी एक, हे कुठेच कुणी सांगत नाही आणि मला फटका बसून कळलं. ही पांढरी खोडरबरं बहुतेक व्हिनाइलची असतात, आणि त्यांना मऊ ठेवणारं जे द्रव्य आत असतं ते प्लास्टिकला बाधतं. मी दहा-बारा ठसे मोठ्या हौसेने एका पारदर्शक प्लास्टिकच्या डबीत भरून ठेवले. महिन्याभराने उघडली तर डबीचा तळ विरघळल्यासारखा चिकट, आणि ठसे तळाला असे बसलेले की काढताना दोघांचे तुकडे. नव्या खोडरबराला कागदाचं वेष्टन असतं ते का, हे तेव्हा डोक्यात शिरलं. आता प्रत्येक ठसा कागदात गुंडाळून पुठ्ठ्याच्या खोक्यात ठेवतो.

सोबत एक कोरं खोडरबर पाठवतोय, कागदात गुंडाळून. पहिलं अक्षर ‘ठ’ घे हवं तर.

आणि पाकिटावरचं तुझं नाव नीट बघ. तो तिसऱ्यांदा केलेला ठसा आहे, तरी अनुस्वार तुटलाच. ते टिंब पेन्सिलीचं बूड शाईत टेकवून वेगळं उमटवलंय, म्हणून जरा उजवीकडे सरकलंय.

तुझा,
अव्या